ती डबल बेल सरकाताईंनी दिली नव्हती

मी एक जुनी घंटी आहे. शाळेतली नव्हे आणि दारावरचीही नव्हे, शहरातल्या बसमधली. सध्या डेपोच्या सामानखोलीत, फुटके आरसे आणि फाटक्या सीटा यांच्या शेजारी एका फळीवर माझा मुक्काम आहे. माझ्यावर धुळीचा थर बसला आहे आणि पितळेवर हिरवे डाग पडले आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एका गोष्टीचा राग अजून माझ्या अंगातून गेलेला नाही आणि आज मी तो बोलून दाखवणार आहे. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच सांगून ठेवते, ही गोष्ट फारशी गोड नाही.

माझा जन्म एका छोट्या ओतशाळेत झाला. तिथला कारागीर बोलायला फटकळ होता, पण हाताने फार नाजूक. वितळलेले पितळ साच्यात ओतून त्याने मला वाटीचा आकार दिला, कानशीने माझ्या कडा घासल्या आणि मला खिळ्याला टांगून तो माझ्यावर टिचक्या मारू लागला. पहिला आवाज त्याला पसंत पडला नाही. "सर्दी झालीय हिला," असे म्हणत त्याने पुन्हा कानस चालवली. असे करता करता माझ्यातून इतका खणखणीत आवाज निघाला की पलीकडच्या भट्टीवरचा माणूस दचकून वळला. कारागीर खूश झाला. म्हणाला, "आता बसमध्ये कितीही कालवा असू दे, ही ऐकू जाणारच."

मग मी बसमध्ये आले. ड्रायव्हरच्या डोक्यावर मला स्क्रूंनी घट्ट बसवण्यात आले. माझ्या शेजारी एक छोटी हातोडी होती. तिला बांधलेली दोरी छताखालच्या कड्यांमधून थेट मागच्या दारापर्यंत गेली होती. दोरी ओढली की हातोडी माझ्यावर आपटायची. नियम अगदी सोपा होता. एक ठोका म्हणजे थांबा आणि दोन ठोके, म्हणजेच डबल बेल, म्हणजे चला. ड्रायव्हरला मागच्या दाराशी काय चालले आहे ते नीट दिसत नाही. कोण चढते आहे, कोण उतरते आहे, कुणाचा पाय अजून पायरीवर आहे, यातले काही त्याला कळत नाही. तो फक्त माझे ऐकतो. माणसांचे हातपाय माझ्या ठोक्यांवर अवलंबून होते, म्हणून खिडक्यांच्या वर ठळक अक्षरांत रंगवले होते, 'घंटीची दोरी फक्त कंडक्टरने ओढावी.'

ती सूचना सर्वांना वाचता येत होती. ती आपल्यासाठी आहे असे मात्र कुणालाच वाटत नसे. कुणी दोरीला छत्री अडकवी, कुणी तोल गेला की तिलाच लोंबकळे. एक बाप आपल्या बाळाला उचलून घेई आणि "वाजव, वाजव" म्हणून त्याच्या हातात दोरी देई. बाळ हसे, बाप हसे, शेजारचेही कौतुकाने हसत. इकडे ड्रायव्हर घाबरून ब्रेक दाबी आणि मागे उभी असलेली माणसे एकमेकांवर आदळत. मग तीच माणसे ड्रायव्हरला शिव्या घालत. एका गृहस्थांनी तर जेवणाचा डबाच दोरीला टांगला होता. रस्त्यात खड्डा आला की मी आपोआप वाजे. ड्रायव्हरने ओरडून विचारले, "ताई, थांबायचंय की जायचंय?" मागून उत्तर आले, "काका, चला तुम्ही! डबा बोलतोय!"

हे उत्तर देणाऱ्या कंडक्टर म्हणजे आमच्या सरकाताई. "पुढे सरका, पुढे सरका" असे त्या दिवसभर म्हणत, म्हणून प्रवाशांनी त्यांना हे नाव ठेवले होते. त्या अंगाने किरकोळ होत्या, पण आवाज असा की मलाही हेवा वाटे. घरी अंथरुणाला खिळलेले वडील आणि शिकणारी धाकटी बहीण, असा सगळा भार त्यांच्या एकटीवर होता. त्यांनी दोरी ओढली की मला लगेच कळे. त्यांचा हात नेमका पडे. शेवटच्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीला लागल्याखेरीज त्यांनी कधी डबल बेल दिली नाही. मागे कितीही ओरडा झाला तरी नाही. ड्रायव्हरकाका म्हणत, "ताईंची बेल आली की मी आरशातसुद्धा बघत नाही."

तिकीट न काढण्याच्या किती तऱ्हा असतात, हे मला वरून सगळे दिसे. काही जण कंडक्टर जवळ आला की गाढ झोपत आणि तो पुढे गेला की टक्क जागे होत. काहींना नेमके त्याच वेळी खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचे दिसे. काही जण मागे कंडक्टर आला की पुढे आणि पुढे आला की मागे, असे बसभर हिंडत. आणि पकडले गेले की सगळ्यांचे म्हणणे एकच, "आता काढणारच होतो." सरकाताई हसून म्हणत, "मग आता काढाच." बहुतेक जण ओशाळून काढत.

एक गृहस्थ मात्र कधी ओशाळले नाहीत. मी त्यांना पासवाले म्हणते. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, हातात ब्रीफकेस. ते मोठ्या हॉस्पिटलच्या कार्यालयात वरच्या जागेवर होते. ताई जवळ आल्या की ते शर्टाच्या खिशावर दोन बोटे आपटून म्हणत, "पास." एवढेच. मान वर करत नसत आणि खिशातून काही काढतही नसत. त्यांचा रुबाब असा होता की विचारणाऱ्यालाच आपण अपराधी आहोत असे वाटावे.

एके दिवशी ताई त्यांच्यासमोर थांबल्या. "साहेब, जरा पास दाखवता का?"

"रोज बघता ना मला? चोर दिसतो का मी?"

"रोज तुम्हाला बघते, साहेब. पास कधी बघितला नाही."

कुणीतरी फिसकन हसले. पासवाल्यांचे कान लाल झाले. "घरी राहिला आज," ते म्हणाले.

"हरकत नाही. मग आजचं तिकीट घ्या."

त्यांनी भली मोठी नोट पुढे केली. सकाळच्या पहिल्या फेरीला एवढी मोड कुठून असणार? ताईंनी आजूबाजूला मोड विचारली. आणि मित्रांनो, आता ऐका. ज्या माणसांनी रांगेत उभे राहून, धक्के खाऊन, स्वतःचे तिकीट इमानदारीने काढले होते, त्यांनी पासवाल्यांना एक शब्द विचारला नाही. ती सगळी उलट ताईंवर तुटून पडली.

"अहो बाई, सोडा ना आता! आम्हाला उशीर होतोय."

"एवढ्या मोठ्या माणसाला दोन स्टॉपसाठी काय अडवताय?"

"अधिकार दाखवायची हौस असते एकेकाला."

उशीर होत नव्हता. बस चालूच होती. पण ताईंनी मोड मागणे सोडले. हॉस्पिटलचा स्टॉप आला, पासवाले आरामात उतरले आणि जाताना म्हणाले, "माणसं ओळखायला शिका." ताईंनी डबल बेल दिली. 

त्यानंतर ताईंनी त्यांना रोज विचारायला सुरुवात केली. ते गर्दीच्या वेळी पुढच्या दारातून चढत आणि ताई गर्दीतून वाट काढत पुढे येईपर्यंत उतरूनही जात. ताईंनी डेपोत सांगितले. वरिष्ठ म्हणाले, तपासनीस पाठवू. मग तो दिवस उजाडला.

आमच्या बसला नेहमी येणाऱ्या एक आजी होत्या. त्या शिवणकाम करत. कुणाचे कोट उसवून मोठे करायचे, कुणाच्या पडद्यांना काठ लावायचे, असे काम घरी नेत आणि पुरे झाले की परत पोचवत. मी त्यांना शिवणआजी म्हणते. त्या दिवशी त्यांच्याजवळ नाट्यगृहाचे पडदे होते. मखमलीचे ते गाठोडे त्यांच्याएवढेच मोठे होते. हॉस्पिटलच्या अलीकडे नाट्यगृहाचा स्टॉप आहे. तिथे बस थांबली.

"आजी, तुम्ही आधी उतरा. गाठोडं मी देते," ताई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हातांनी ते गाठोडे कवटाळले. आजींनी दांड्याला धरून एक पाय रस्त्यावर टेकवला. दुसरा अजून पायरीवर होता.

त्याच वेळी स्टॉपवर उभे असलेले दोन तिकीट तपासनीस पुढच्या दाराकडे चालू लागले. पासवाले मधल्या भागात, छताच्या दांड्याला धरून उभे होते. त्यांनी खिडकीतून ते गणवेश पाहिले. मग त्यांनी वर पाहिले. दोरी त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर होती.

मला पुढचे सगळे स्वच्छ आठवते. त्यांचा हात दांड्यावरून सरकला. दोनदा हिसका बसला. मी वाजले. स्पष्ट, खणखणीत, जशी मला घडवली होती तशी. ड्रायव्हरकाकांनी नेहमीच्या विश्वासाने गाडी सोडली. तपासनिसांच्या तोंडावर पुढचे दार निघून गेले. आणि मागून एक किंकाळी आली.

काकांनी ब्रेक दाबला तोवर आजी रस्त्यावर पडल्या होत्या. ताई गाठोड्यासकट दाराच्या दांड्यावर आपटल्या आणि तशाच खाली उडी मारून धावल्या. आजींच्या पायाचे हाड मोडले होते. पडदे सुटून मखमल रस्त्याभर पसरली होती. चाक त्यांच्यापासून किती जवळ थांबले, ते मी सांगत नाही. सांगवत नाही.

तपासनीस धावत आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "डबल बेल कुणी दिली?"

"मी नाही दिली," ताई म्हणाल्या. "माझे दोन्ही हात गुंतलेले होते. मी गाठोडं धरलं होतं."

तपासनिसांनी बसमध्ये चढून विचारले, "कुणी पाहिलं का?"

बस भरलेली होती. दोरीखाली माणसे बसली होती, दोरीला खेटून माणसे उभी होती. पासवाल्यांचा हात वर गेलेला निदान अर्ध्या बसला दिसला होता. पण त्या क्षणी सर्वांनाच खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचे दिसू लागले. आणि त्या शांततेत एक आवाज आला. अगदी थंड, अगदी सभ्य.

"घंटी कंडक्टरच देतात ना?" पासवाले म्हणाले. "नियमच आहे तसा. ती बघा पाटी."

मित्रांनो, त्यांनी माझ्याच नियमाची साक्ष काढली! मला त्या क्षणी फुटून जावेसे वाटले. दोन-तीन माना डोलल्या. कुणीतरी पुटपुटले, "यांना घाईच असते नेहमी." पासवाले उतरले आणि हॉस्पिटलकडे चालत निघाले. तपासनिसांना त्या गडबडीत कुणाचे तिकीट विचारायचे भान राहिले नाही. बाकीचे आपापसांत विचारू लागले, दुसरी बस कधी येणार, आणि या तिकिटाचे पैसे परत मिळणार का. तिकीट न काढलेल्या एकानेही तेच विचारले. मी वरून ऐकत होते.

एक नर्सबाई मात्र उठल्या होत्या. त्या रोज याच बसने ड्युटीवर जात आणि त्या दिवशी बरोबर दोरीखाली बसल्या होत्या. त्यांनी खाली उतरून आजींचा पाय पडद्याच्या पट्टीने नीट बांधला, त्यांच्या डोक्याखाली मखमल दिली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांचा हात धरून ठेवला. पण तपासनिसांनी विचारले तेव्हा त्यांनी तोंड उघडले, मिटले आणि म्हणाल्या, "माझं लक्ष नव्हतं."

ताईंना कामावरून बाजूला करण्यात आले. चौकशी होईपर्यंत घरी बसा, असा हुकूम निघाला. आमच्या बसवर दुसरा कंडक्टर आला. तो भला होता, पण त्याचा हात दोरीवर पडला की मला परके वाटे.

एका दुपारी बस डेपोच्या आवारात उभी असताना ताई आत आल्या. गणवेश नव्हता. त्या मागच्या सीटवर बसून राहिल्या. काका दोन पेले चहा घेऊन आले.

"काका, तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

"काय सांगू, ताई? मी फक्त घंटी ऐकली. घंटी वाजली, हे तर खरंच आहे. त्या दिवशी मी आरशात बघायला हवं होतं." काकांनी चहा न पिताच पेला खाली ठेवला.

"नोकरीचं वाईट वाटतंच," ताई म्हणाल्या. "बाबांची औषधं आहेत, धाकटीची फी आहे. पण त्याहून जास्त काय सलतं, सांगू? भरलेली बस होती, काका. मी रोज त्यांना चढताना हात दिलाय. त्यांच्या विसरलेल्या छत्र्या घरी नेऊन पोचवल्यात. त्यातल्या एकालाही डोळे नव्हते?"

उत्तर माझ्याकडे होते. पण ते देण्याची सोय माझ्यात नव्हती. मी वाजू शकते, नाव घेऊ शकत नाही.

थंडी सरत आली आणि एका सकाळी शिवणआजी बसमध्ये चढल्या. हातात काठी होती आणि एक पाय ओढत होत्या. नव्या कंडक्टरने त्यांना धरून वर घेतले. एका माणसाने चटकन उठून त्यांना जागा दिली. "बसा आजी, बसा." ते पासवाले होते. आजी पडल्या तेव्हा त्यांची नजर ताईंनी धरलेल्या गाठोड्यावर होती. दोरी कुणी ओढली हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

"बसते," आजी म्हणाल्या. "आधी एक विचारायचंय." आणि काठी टेकत त्या सगळ्या बसकडे वळल्या. "मी पडले त्या दिवशी इथे कोण कोण होतं?"

वर्तमानपत्रे वर गेली. कुणी फोन कानाला लावला. कुणी डोळे मिटले.

"मला भरपाई नको," आजी म्हणाल्या. "माझं हाड जुळलं. पण त्या पोरीनं घंटी दिली नाही. तिचे दोन्ही हात माझ्या गाठोड्याला होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी चौकशीवाल्यांना सांगितलं, तर म्हणतात, आजी, तुम्ही पडलात, घाबरलात, तुम्हाला काय आठवणार. म्हातारीचा पाय मोडला की डोकंही मोडतं, असं वाटतं त्यांना. म्हणून तुम्हाला विचारतेय. कुणी दिली घंटी?"

 पासवाल्यांनी सहानुभूतीने मान हलवली.

आजी दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशीही. येताना शिवण घेऊन येत, सीटवर बसून काठ घालत आणि प्रत्येक स्टॉपला नवी माणसे चढली की सुई हातात धरून तोच प्रश्न विचारत. लोक वैतागले. "या आजींना घरी काही काम नाही का?" एक जण म्हणाला. आजी म्हणाल्या, "हे काय, काम इथेच घेऊन बसलेय ना."

एके दिवशी त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती आणि नर्सबाईंना तिथे बसावे लागले. याच नर्सबाईंनी हॉस्पिटलमध्येही आजींची शुश्रूषा केली होती. त्या दिवशी पासवाले बसमध्ये नव्हते.

"तू माझा पाय बांधलास," आजी हळूच म्हणाल्या. "तू तिथेच होतीस. आणि हॉस्पिटलात माझं सगळं करताना एकदाही माझ्या डोळ्यांत बघितलं नाहीस. का गं?"

नर्सबाई हातातले तिकीट चोळू लागल्या. मग म्हणाल्या, "आजी, आमच्या ड्युट्या तोच माणूस लावतो."

आजींची सुई थांबली. "कोण माणूस?"

नर्सबाईंना कळले की आपण बोलायचे नव्हते तेवढे बोलून गेलो. त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. "माझं लहान मूल आहे, आजी. उद्या त्यानं मला रात्रपाळीला टाकलं तर त्याला कुठे ठेवू?"

आजी रागावल्या नाहीत. त्यांनी नर्सबाईंच्या पाठीवर हात ठेवला. "खरं आहे तुझं. तुझं पोट त्याच्या हातात आहे. पण बाळ, त्या पोरीचं पोट तुझ्या हातात आहे." एवढे बोलून त्या पुन्हा काठ घालू लागल्या. पुढे त्यांनी एक अक्षर विचारले नाही. नर्सबाई आपल्या स्टॉपला उतरल्या तेव्हा त्यांचे तिकीट हातात चोळून चोळून चुरा झाले होते.

चौकशी आमच्या बसमध्येच झाली; तिचा दिवस आजींनी आधीच बसभर सांगून ठेवला होता. डेपोच्या आवारात भर सकाळी बस उभी केली होती. चौकशीचे साहेब, तपासनीस, ड्रायव्हरकाका, ताई आणि काठीवर रेललेल्या आजी, असे सगळे जमले. काकांना त्यांच्या जागेवर बसवले होते. साहेबांनी एक जड पोते मागवले आणि ताईंना ते धरून पायरीवर उभे राहायला सांगितले.

"आता दोरीपर्यंत हात न्या."

ताईंनी प्रयत्न केला. हात पोचला नाही.

"पोतं एका हातानं धरून बघा."

ताईंनी पोते छातीशी दाबले, एक हात ताणला. बोटांची टोके दोरीला लागली. साहेबांनी भुवया उंचावल्या. "म्हणजे अशक्य नाही."

"अहो, पण तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं!" आजी ओरडल्या.

"आजी, तुमची भावना मी समजू शकतो," साहेब म्हणाले. ताईंनी पोते खाली ठेवले आणि त्या खाली बघत राहिल्या. मला वाटले, संपले.

तेवढ्यात कुणीतरी धावत आल्याचा आवाज झाला. नर्सबाई होत्या. अंगावर गणवेश, श्वास लागलेला. त्या सरळ बसमध्ये चढल्या.

"मी पाहिलंय. मी तिथे बसले होते." त्यांनी दोरीखालची सीट दाखवली. "घंटी ताईंनी दिली नाही. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी दिली. ते इथे उभे होते. खाली तपासनीस दिसले, आणि त्यांनी असं केलं." बोलता बोलता त्या पासवाल्यांच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या आणि दोनदा दोरी ओढली.

मी वाजले. पुढे ड्रायव्हरकाकांचा हात सवयीने गिअरवर गेला आणि चटका बसावा तसा मागे आला. सगळ्यांनी ते पाहिले. 

"इतके दिवस गप्प का बसलात?" साहेबांनी विचारले.

"भीती वाटत होती," नर्सबाई म्हणाल्या. "आणि सगळेच गप्प होते, साहेब. सगळ्यांत बसले होते, म्हणून माझं गप्प बसणं मला दिसत नव्हतं."

ताई पुढे झाल्या. मला वाटले, त्या बोलतील, जाब विचारतील. त्यांनी नर्सबाईंना नुसते जवळ घेतले आणि दोघी मोठ्याने रडल्या. आजी काठी आपटत साहेबांना म्हणाल्या, "आता पटलं ना, म्हातारीला आठवतं ते?"

ताईंना कामावर परत घेण्यात आले. पासवाल्यांनी आधी साफ कानांवर हात ठेवले. मग म्हणाले, तोल गेला म्हणून चुकून हात लागला. तोल दोनदा जातो का, एवढे तरी त्यांना कुणी विचारले असेल, अशी माझी आशा आहे. त्यांना पोलिसांचे बोलावणे आले असे काका सांगत होते. पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही, कारण ते पुन्हा आमच्या बसला आले नाहीत. आणि नर्सबाईंना? त्यांना खरोखरच अडनिड्या वेळच्या ड्युट्या लागल्या. पासवाल्यांची माणसे त्या कार्यालयात होतीच. नर्सबाई ड्युटी संपवून तांबारलेल्या डोळ्यांनी बसमध्ये चढत. ताई त्यांच्यासाठी कोपऱ्यातली सीट राखून ठेवत आणि त्यांचे मूल आजींच्या घरी, शिवणाच्या मशीनजवळ खेळत असे. खरे बोलण्याचे बक्षीस कुणी त्यांना दिले नाही. जे काही मिळाले ते या दोघींकडून.

ताई परत आल्या त्या पहिल्याच दिवशी नेहमीच्या प्रवाशांनी त्यांना घेरले. सगळ्यांचे चेहरे आनंदाने फुलले होते. एक गृहस्थ तर गहिवरून म्हणाले, "ताई, आम्हाला ठाऊकच होतं हो. तुम्ही असं कधी करणार नाही."

"ठाऊक होतं?" ताईंनी विचारले.

"म्हणजे काय! अगदी पहिल्या दिवसापासून."

ताईंनी त्यांच्याकडे बघितले. "मग मी घरी बसले होते तेव्हा हे कुणाला सांगितलंत?"

 ताईंनी हात पुढे केला. "तिकीट?"

पुढे पुष्कळ वर्षे मी त्यांच्या हाताखाली वाजले. ड्रायव्हरकाका निवृत्त झाले. मग बसमध्ये प्रत्येक सीटजवळ लाल बटणे आली, दारे आपोआप उघडू-मिटू लागली आणि दोरीची गरज संपली. मेकॅनिकने माझे स्क्रू काढले, सहज एक टिचकी मारली, "आवाज अजून आहे हिचा," असे म्हणाला आणि मला सामानखोलीत टाकून दिले. तेव्हापासून मी या फळीवर आहे. इथे फार शांत असते. विचार करायला पुष्कळ वेळ मिळतो, आणि विचार केला की राग येतो.

मित्रांनो, तिकीट काढा, पास असेल तर न कुरकुरता दाखवा, घंटीशी खेळू नका, कुणी उतरत असेल तर धीर धरा. हे सगळे मी सांगायची गरज नाही. बसमध्ये ते लिहिलेलेच असते. पण तिकीट चुकवणाऱ्या त्या एका माणसाइतकाच माझा राग त्याच्या आजूबाजूच्या भल्या माणसांवर आहे. त्यांनी तिकिटे काढली होती. त्यांनी कुणाला ढकलले नव्हते. त्यांनी फक्त खिडकीबाहेर पाहिले, आणि तेवढ्यानेच एका बाईचे घर उघड्यावर यायची वेळ आली. मला सगळे दिसत होते आणि मला सांगता येत नव्हते. त्यांना दिसतही होते आणि सांगताही येत होते.

उद्या तुम्ही बसमध्ये असाल आणि तुमच्या डोळ्यांदेखत कुणावर खोटा आळ येईल. तेव्हा शेजारचा काय करतो ते बघत बसू नका. उठून उभे राहा आणि जे पाहिले ते मोठ्याने सांगा. लोक कुरकुरतील, घड्याळे बघतील, म्हणतील, कशाला उगीच बस थांबवताय.

थांबू द्या बस.